महाविद्यालयातील गुन्हा : कळवण्याचे बंधन

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथील महाविद्यालयांनाही महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ लागू आहे. तक्रार आल्यापासून ७ दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार तत्काळ पोलीस ठाण्याकडे पाठवायची. यात कसूर करणारा प्रमुख गुन्ह्याला साहाय्य करणारा मानला जातो. त्यालाही २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचे खरे बळ याच कलमात आहे. लैंगिक छळाबाबत २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीचा वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जातो. मात्र अमेरिकेतील १९९०च्या क्लेरी कायद्याप्रमाणे परिसरातील गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करण्याचे सरसकट बंधन भारतात नाही. प्रवेशापूर्वी पालकांनी ती माहिती जरूर मागावी.