थायलंडमध्ये महिनाभर राहायचंय? बँकॉकमध्ये स्वस्तात मस्त हॉटेल असं निवडा

चार दिवसांच्या ट्रिपला हॉटेल चुकलं तर फार काही बिघडत नाही. रात्री झोपायला यायचं, सकाळी बाहेर पडायचं. पण तेच हॉटेल तीन-चार आठवड्यांसाठी चुकलं तर? माझं चुकलं होतं. जुनी नोकरी संपून नवी सुरू व्हायला एक महिना होता. बँकॉकमध्ये २६ रात्री राहायचं आणि जोडीला एक ऑनलाइन कोर्स संपवायचा, असा प्लॅन. अ‍ॅपवर 'किंमत कमी ते जास्त' असं सॉर्ट केलं आणि रात्रीला ७०० बाटची खोली पटकन बुक केली. फोटो एकदम झकास होते. प्रत्यक्षात खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत! कोर्सची परीक्षा अर्धी झाली आणि वायफाय गेलं. लॅपटॉप काखेत मारून कॅफेकडे पळालो, तेव्हा कळलं की गल्लीच्या तोंडापर्यंतच १.४ किलोमीटर आहे.

नंतर शांतपणे हिशोब मांडला. (एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. दर रोज बदलतो, म्हणून इथे सगळं बाटमध्येच बोलूया.) ७०० चा आकडा करांशिवाय होता. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट. म्हणजे एकूण १७.७ टक्के, रात्रीला जवळपास ८२४ बाट. २६ रात्रींचे झाले सुमारे २१,४२०. गल्लीतून स्टेशनपर्यंत बाइक टॅक्सी, जाऊन-येऊन रोजचे ४० बाट, म्हणजे १,०४०. वायफायसाठी कॅफेत बसायचं तर कॉफी घ्यावीच लागते, ते १८ दिवस रोजचे १०० धरा. एकूण २४,२६० च्या आसपास. त्याच अ‍ॅपवर स्टेशनला लागून असलेलं, सगळे कर धरून ९०० बाटचं एक हॉटेल मी 'महाग' म्हणून सोडून दिलं होतं. त्याचे २६ रात्रींचे झाले असते २३,४००! म्हणजे स्वस्त हॉटेल मला साडेआठशे बाटने महाग पडलं, डोक्याचा ताप वेगळाच.

आधी अ‍ॅपची सेटिंग बदला

अगोडा असो की बुकिंग डॉट कॉम, सर्च करायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन किंमत 'करांसहित' दिसेल असं करून घ्या. जिथे हा पर्याय मिळत नाही तिथे शेवटच्या पेमेंट स्क्रीनपर्यंत जा, तिथला एकूण आकडा बघा आणि तोच वहीत लिहा. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं (++) दिसली, तर त्याचा अर्थ सर्व्हिस चार्ज आणि व्हॅट अजून लागायचे आहेत.

आणि एक गंमत. ही दोन्ही अ‍ॅप्स एकाच मालक कंपनीची आहेत, बुकिंग होल्डिंग्जची. त्यामुळे 'मी दोन ठिकाणी बघितलं' म्हणजे दोन वेगळ्या दुकानांत चौकशी केली असं होत नाही. तिसरी किंमत हॉटेलला थेट विचारा. कशी विचारायची ते पुढे येतंच.

पैसे भरताना चलन बाटच ठेवा. हॉटेलच्या कार्ड मशीनवर 'रुपयांत की बाटमध्ये?' असं विचारलं जातं. रुपये बघून आपल्याला बरं वाटतं, पण तिथला रूपांतराचा दर बहुतेक वेळा वाईट असतो. बाट निवडलं तरी आपल्या बँकेचा फॉरेक्स मार्कअप लागतोच, तो किती आहे हे निघण्याआधी बघून ठेवा. एटीएममधून काढायचे असतील तर थोडे-थोडे काढू नका. परदेशी कार्डावर तिथली बँक प्रत्येक वेळी २२० बाटच्या आसपास फी घेते, मग तुम्ही १,००० काढा की १०,०००.

मॅपवर खरा खेळ कळतो

माझ्या मते दीर्घ मुक्कामात खोलीपेक्षा जागा महत्त्वाची. बँकॉकमध्ये मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला 'सोई' म्हणतात आणि तिला नंबर असतो. सुखुमवित रोडवर एका बाजूला विषम नंबरच्या सोई, दुसऱ्या बाजूला सम. पण ११ नंबरच्या समोर १२ असेल असं अजिबात समजू नका, दोन्ही बाजूंचे आकडे आपापल्या चालीने पळतात. त्यात कित्येक सोई पुढे जाऊन बंद होतात. म्हणून अ‍ॅप म्हणतं 'स्टेशनपासून ६०० मीटर', ते बऱ्याचदा सरळ रेषेतलं अंतर असतं, आणि तुम्हाला वळसा घालून दीड किलोमीटर चालावं लागतं. तेही ३५ डिग्रीच्या घामट उन्हात.

गुगल मॅप्समध्ये हॉटेल ते स्टेशन असा 'चालत' रस्ता टाकून बघा. मग स्ट्रीट व्ह्यूमध्ये तोच रस्ता बोटाने चाला: फूटपाथ आहे का, शेजारी बार आहे का, क्रेन उभी आहे का. फोटो कोणत्या वर्षीचा आहे तेही तिथेच दिसतं. बँकॉकमध्ये बांधकाम सतत चालू असतं, आणि शेजारी पायलिंग चालू असेल तर सकाळची झोप विसरा.

एरिया कोणता? बीटीएस स्कायट्रेन १९९९ मध्ये सुरू झाली आणि आजही सुखुमवितचं भाडं तिच्या स्टेशनांवरून ठरतं म्हटलं तरी चालेल. नाना, अशोक (हो, स्टेशनचं नाव खरंच अशोक!), फ्रोम फोंग, थाँग लो हा महागडा पट्टा. तिथून पुढे गेलात की प्रा खानाँग, ऑन नट, उदोम सुक. गाडी तीच, फक्त काही स्टेशनं जास्त, पण खोलीचे भाव लक्षात येण्याइतके उतरतात. ऑन नटला स्टेशनजवळ सुपरमार्केट आणि रस्त्यावरचं खाणं दोन्ही आहे, त्यामुळे महिनाभरासाठी मी तिथूनच शोध सुरू करेन. एमआरटीच्या लाइनवर राचादा आणि हुआई ख्वांगचा भाग बघा. खाओ सान रोड मात्र चार रात्रींच्या मजेपुरताच. रात्रभर डीजे, आणि स्कायट्रेनपासून लांब.

पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जात असाल तर रिव्ह्यूमध्ये सोईत पाणी तुंबतं का हे जरूर शोधा. मुंबईकरांना यापेक्षा जास्त समजवायची गरज नाही.

हॉटेल, सर्व्हिस्ड अपार्टमेंट की कॉन्डो?

महिनाभर म्हटलं की कॉन्डो स्वस्त दिसतो. स्विमिंग पूल, जिम, किचन आणि किंमत हॉटेलपेक्षा कमी. इथे जरा थांबा. थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्याप्रमाणे महिन्यापेक्षा कमी काळासाठी जागा भाड्याने द्यायची तर साधारणपणे हॉटेलचं लायसन्स लागतं. खासगी कॉन्डो फ्लॅट दिवसावर किंवा आठवड्यावर देणाऱ्या बऱ्याच जणांकडे ते नसतं. मालक मेसेज करतो, 'रिसेप्शनवर काही बोलू नका, मित्राकडे आलोय म्हणून सांगा.' असा मेसेज आला की ती जागा सोडा. मधल्याच रात्री बाहेर काढलं तर बॅगा घेऊन जाणार कुठे?

पूर्ण महिना किंवा जास्त असेल तर कॉन्डोचा करार रीतसर होऊ शकतो. पण डिपॉझिट किती, ते परत कधी मिळणार आणि विजेचा दर काय, हे तीन प्रश्न लेखी विचारा. वीज हा छुपा रुस्तम आहे. सरकारी दर युनिटला साधारण ४ ते ५ बाट असतो, पण अपार्टमेंटवाले ७-८ बाटपर्यंत लावतात. एसी रात्रभर चालणार असेल तर महिन्याच्या बिलात फरक ठळक दिसतो. हॉटेलमध्ये वीज-पाणी भाड्यातच असतं, पण मासिक रेट मागितला की काही ठिकाणी वीज वेगळी काढतात. म्हणून विचारायचंच.

मधला मार्ग म्हणजे सर्व्हिस्ड अपार्टमेंट. लायसन्स असलेलं, आठवड्यातून एक-दोनदा सफाई, छोटं किचन, खाली वॉशिंग मशीन. किचन आणि मशीन यांची किंमत चार दिवसांत कळत नाही, दहाव्या दिवशी कळते. शाकाहारी असाल तर किचन जवळपास गरजच आहे, कारण भाजीतसुद्धा 'नाम प्ला' म्हणजे माशाचा सॉस सहज पडतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं शोधा, तिथे मासे-मांस नसतं. थाई अक्षरं वाचता येत नसतील तर गुगल लेन्स आहेच.

रिव्ह्यू वाचायची पद्धत

स्टार बघू नका. गुगल मॅप्सवर रिव्ह्यू 'सर्वात नवीन' असे लावा आणि सर्चमध्ये एकेक शब्द इंग्रजीत टाका: वायफाय, नॉइज, मोल्ड, कन्स्ट्रक्शन, विंडो. एका रात्रीसाठी आलेल्या माणसाचं 'अमेझिंग' आपल्या कामाचं नाही. दोन-तीन आठवडे राहिलेल्याने लिहिलेले तीन तक्रारीचे शब्द सोन्यासारखे. लोकांनी टाकलेले फोटो बघा, हॉटेलने टाकलेले नाही. टेबल-खुर्ची खरोखर लॅपटॉप ठेवण्याएवढी आहे का, बेडजवळ सॉकेट आहे का, तिथेच दिसतं. आपल्या चार्जरची गोल दोन पिन तिथे बसते, पण लॅपटॉपची जाड तीन पिन बसत नाही. अ‍ॅडॉप्टर इथूनच न्या.

आधी तीन रात्री, मग बाकीच्या

आता माझी आवडती युक्ती. पूर्ण महिना एकदम बुक करायचाच नाही. तीन रात्री फ्री कॅन्सलेशनवाल्या घ्या. कॅन्सलेशनची मुदत सहसा हॉटेलच्या वेळेने असते आणि थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, हे विसरू नका. पोहोचल्यावर पहिल्याच रात्री खोलीत स्पीड टेस्ट घ्या, एकदा संध्याकाळी सात वाजता आणि एकदा रात्री अकराला, म्हणजे सगळे पाहुणे नेटवर असताना. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या दोन-तीन हॉटेलांत जाऊन खोली दाखवायला सांगा.

मग रेट विचारा. थायलंडमध्ये व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा 'लाइन' अ‍ॅप जास्त चालतं, बऱ्याच हॉटेलांचा क्यूआर काउंटरवरच लावलेला असतो. मेसेज साधा ठेवा: किती रात्री, कोणत्या तारखा, सगळे कर धरून एकूण किती, वीज आत की वेगळी. रिसेप्शनवर उभं राहून मागितलेला रेट अ‍ॅपपेक्षा कमीच असतो असं नाही, कधीकधी जास्तही सांगतात. तेव्हा अ‍ॅपवरचा आकडा दाखवा आणि हसून बोला. आवाज चढवून तिथे काहीच मिळत नाही. मे ते ऑक्टोबर खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा घासाघीस जमते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि एप्रिलमधल्या सोंगक्रानच्या दिवसांत फारशी नाही.

चियांग माईचा विचार असेल तर हेच सगळं तिथेही लागू, आणि भाडी एकंदर कमी. फक्त फेब्रुवारी ते एप्रिल टाळा. शेतं आणि जंगल जाळल्याच्या धुराने शहर भरून जातं, कितीही छान खोली मिळाली तरी खिडकी उघडता येत नाही.

कागदपत्रं थोडक्यात

१ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. भारतीयांना जुलै २०२४ मध्ये व्हिसाशिवाय ६० दिवस राहायची मुभा मिळाली होती, पण हे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या साइटवर बघाच. तिथे बसून रिमोट जॉब करणार असाल तर डीटीव्ही व्हिसाची माहिती वाचा: पाच वर्षांची मुदत, एका वेळी १८० दिवस, आणि खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात.

शेवटची गोष्ट टीएम३०. परदेशी माणूस राहायला आला की जागेच्या मालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. हॉटेलवाले पासपोर्ट घेऊन हे आपोआप करतात. कॉन्डो घेतलात तर मालकाकडून त्याच्या पावतीचा फोटो मागून फोनमध्ये ठेवा. मुक्काम वाढवायला इमिग्रेशन ऑफिसात गेलात तर तीच मागितली जाते.