लिव्हिंग विल : कागद कोणता, कधी चालतो?

लिव्हिंग विल म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र. निर्णयक्षमता गेल्यावर कोणते उपचार नकोत, याची आगाऊ लेखी सूचना. उदा. मूत्रपिंडे निकामी झालेला रुग्ण लिहू शकतो : सुधारण्याची आशा नसेल, तर डायलिसिस थांबवा.

• मान्यता : सर्वोच्च न्यायालय, ९ मार्च २०१८. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे, त्यामुळे कागद क्वचितच पुरा होई. २४ जानेवारी २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे.

• कोण करू शकते : सज्ञान, सुदृढ मनाची व्यक्ती. दोन साक्षीदार, शक्यतो तटस्थ. आपल्या वतीने बोलणाऱ्या नातेवाइकाचे किंवा पालकाचे नाव हवे; एकाहून अधिक चालतात. लेखी रद्द करता येते, केव्हाही.

• अंमल : रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकतो तोवर कागद बाजूला, त्याचे तोंडी म्हणणेच चालते. नंतर रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ, मग दुय्यम मंडळ. मत शक्यतो ४८ तासांत. उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

• मृत्युपत्र वेगळे : ते मालमत्तेचे, मृत्यूनंतर लागू. दोन साक्षीदार आवश्यक, नोंदणी ऐच्छिक. साधे मुखत्यारपत्र मात्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. बँक खात्यावरचा नॉमिनी हा रकमेचा विश्वस्त, आपोआप मालक नव्हे (घरोघरी होणारी गल्लत).

• अवयवदान : १९९४च्या कायद्यानुसार स्वतंत्र अर्ज.

• उपचार थांबले तरी वेदनाशमन चालूच राहते. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे भारतात गुन्हा आहे.