शिकागोचे मुके सोमवार

1920च्या दशकात शिकागोत सोमवारी संध्याकाळी रेडिओ लावला, तर गावातलं एकही स्टेशन लागत नसे. यंत्र बिघडलेलं नसे, संपही नसे. परगावची स्टेशनं श्रोत्यांना ऐकता यावीत म्हणून स्थानिक स्टेशनांनी आपसांत ठरवून तोंड मिटलेलं असे. 'सायलेंट नाइट' म्हणत त्याला. इतर काही शहरांतही असे वार ठरलेले होते.

याची गरज का पडली? सुरुवातीला अमेरिकेतली जवळपास सगळी करमणुकीची स्टेशनं 360 मीटर या एकाच लहरीवर बोलत आणि 1922 संपेपर्यंत त्यांची संख्या 500च्या वर गेली होती. त्या वेळचे रेडिओ जवळजवळच्या लहरी नीट वेगळ्या करू शकत नसत. शेजारी बँड वाजत असताना पलीकडच्या आळीतलं भजन ऐकू यावं कसं?

लांबचं स्टेशन लागतं ते रात्रीच. दिवसा उन्हामुळे साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो आणि वर जाणाऱ्या मध्यम लहरी तो गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी त्याहून वरच्या थरांपर्यंत पोचतात आणि तिथून शेकडो मैलांवर परत उतरतात. हिवाळ्यात रात्री लांब आणि विजांची खरखर कमी, म्हणून लांबची स्टेशनं पकडणाऱ्या शौकिनांचा हंगाम थंडीतला. आकाशवाणीची रात्रीची सभा संपल्यावर काटा फिरवत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

वरच्या थराचा पक्का पुरावाही गप्प झालेल्या स्टेशनानेच दिला. 11 डिसेंबर 1924च्या रात्री बीबीसीचे कार्यक्रम संपल्यावर एडवर्ड अॅपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी बोर्नमथचा ट्रान्समीटर प्रयोगासाठी वापरला. त्याची लहर थोडी थोडी बदलत नेली आणि ऑक्सफर्डला पोचणाऱ्या लहरीच्या ताकदीतले चढउतार मोजले. त्यावरून परावर्तनाची उंची सुमारे 100 किलोमीटर निघाली. अॅपलटन यांना 1947 साली नोबेल मिळालं, त्याचं मूळ या कामात आहे.

शिकागोच्या श्रोत्याला मात्र थरांशी देणंघेणं नव्हतं. त्याला हवं होतं स्टेशनचं नाव. गाणं कोणतं, गाणारा कोण, याला फारशी किंमत नसे; ते संपेपर्यंत कान लावून बसायचं, निवेदक नाव उच्चारतो न उच्चारतो तोच आवाज विरला की कपाळावर हात. 1924पासून शिकागोच्याच एक्को कंपनीने या नादाचा धंदा केला. ऐकल्याचा पुरावा लिहिलेलं कार्ड आणि 10 सेंट त्या स्टेशनला पाठवायचे. खातरजमा झाली की त्या स्टेशनच्या नावाचं छापील तिकीट यायचं, ते अल्बममध्ये चिकटवायचं. संगीत ऐकायच्या यंत्राचा हा वापर मला तरी त्या काळातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

जानेवारी 1926मध्ये हीच कल्पना अटलांटिकपार नेली. युरोप ऐकू यावा म्हणून अमेरिकी स्टेशनं आठवडाभर रात्री ठरावीक वेळ गप्प बसली. पण तेव्हाचे अनेक रेडिओ गरजेपेक्षा जास्त पिळले की स्वतःच लहरी फेकत आणि शेजाऱ्यांच्या कानात शिट्ट्या घुमत. स्टेशनं गप्प झाली; श्रोत्यांना कोण गप्प करणार?

सोमवार संपला तो पैशामुळे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ स्टेशनने 1922 साली जाहिरातीला वेळ विकायला सुरुवात केली होती. विकता येणारी संध्याकाळ फुकट कोण घालवणार? 1926च्या नोव्हेंबरात एनबीसी हे स्टेशनांचं जाळं सुरू झालं आणि न्यूयॉर्कचा कार्यक्रम घरच्याच स्टेशनवर स्वच्छ ऐकू येऊ लागला. 1927 साली शिकागोने ही प्रथा सोडली. त्याच वर्षी 23 जुलैला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, दीड किलोवॉटचं. कुणाला वाट करून द्यायला इथे गर्दीच नव्हती.

अमेरिकेत पुढे शांतता कायद्याने आणली. 11 नोव्हेंबर 1928पासून 40 लहरी अशा राखल्या, की रात्री त्या प्रत्येकीवर एकाच बड्या स्टेशनने बोलायचं. अशा लहरींवर नंतर आलेल्या अनेक लहान स्टेशनांना दिवसापुरतीच परवानगी मिळाली. मध्यम लहरींवरच्या कितीतरी अमेरिकी स्टेशनांना आजही सूर्यास्ताला ताकद कमी करावी लागते, काहींना बंदच व्हावं लागतं. त्यासाठी परवान्यात दर महिन्याच्या सूर्यास्ताची वेळ छापलेली असते.