७०७५ च्या जोडाचा दिवस

सकाळी ८. शटर वर गेलं की आधी ॲसिटोन. पट्ट्या पुसून घ्यायच्या, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने कडा घासायच्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांनंतरही टिकून राहतो. तो नीट निघाला नाही तर पुढचं सगळं वाया.

९:३०. आजचा जॉब ७०७५ चा. जस्त, मॅग्नेशियम, तांबं घातलेला हा मिश्रधातू पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जड आणि ताकदीला अनेक पोलादांच्या तोडीचा. १९४० च्या दशकापासून विमानांत वापरतात, पण रिवेट ठोकून. वेल्डिंगला घेतला की तडकतो.

१०:३०. टिग मशीन एसीवर, आर्गॉन चालू. एक जोड साध्या ७०७५ च्या रॉडने, दुसरा टायटॅनियम कार्बाइडचे नॅनोकण मिसळलेल्या रॉडने. करंट तोच, वेल्डर तोच. वरून दोन्ही सारखेच दिसतात.

१२. तडे शोधायला डाय पेनेट्रंट. लाल डाय मारून थांबायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. पहिल्या जोडावर मधोमध केसासारखी लाल रेघ उमटली आणि बघता बघता पसरली. दुसरा पांढराच.

“साहेब, परत मारू का?” वेल्डरकाकांनी विचारलं. परत मारला. पांढराच.

दुपारी २:३०. तुकडे कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली. साध्या जोडात धातूचे दाणे लांबच लांब वाढलेत. गोठताना त्यांच्यामध्ये शेवटपर्यंत पातळ द्रव उरतो. धातू आकसला की तिथेच फाटतो. नॅनोकण दाण्यांची वाढ रोखतात, दाणे बारीक आणि गोलसर राहतात, द्रवाचा सलग पापुद्रा तुटतो. एवढे सूक्ष्म कण एवढं मोठं काम करतात, हे भिंगातून पाहताना मला अजूनही भारी वाटतं.

५:३०. सकाळच्या नॅनो जोडाचा उरलेला तुकडा ४८० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात बुडवला. आता १२० अंशांवर २४ तास. ताणचाचणी त्यानंतर.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलएतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये याच पद्धतीच्या जोडाची ताकद ३९२ मेगापास्कल नोंदवली होती, उष्णोपचारानंतर ५५१. उष्णोपचाराला भट्टी लागते. सायकलची फ्रेम तीत मावते. ट्रकची चॅसी प्रत्येक कारखान्याच्या भट्टीत मावणार नाही. मोठ्या जॉबचं डिझाइन करणाऱ्यांनी ३९२ चाच आकडा धरावा.