कामातली चूक (लेखांक ६) : अटकेनंतर उरलेले प्रश्न

६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. काही दिवसांतच जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जण निलंबित झाले, दोन परिचारिकांची सेवा संपवण्यात आली, एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना अटक झाली. पण त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीच्या दुर्घटनेत १० नवजात बालके गेली होती. तिथेही निलंबने झाली, दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. नगरचेही ऑडिट झाले होते, मात्र त्यात सुचवलेली कामे पूर्ण झालेली नव्हती, असे आगीनंतर बातम्यांतून पुढे आले. म्हणजे धोका कागदावर होता. तो तिथेच का राहिला, याचे उत्तर अटकेतल्या परिचारिकेकडे कसे असणार? निधी तिच्या हातात नव्हता, निविदाही नव्हती.

अशा दुर्घटनेनंतर कोणालाही आरोपी न करता कारणे शोधण्याचीही एक पद्धत असते; ती परदेशी कंपन्यांची चैन आहे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. गंमत अशी की आपल्याच आरोग्य खात्यात ती नियम म्हणून आहे. बाळंतपणात किंवा त्यानंतर बाई दगावली की माता मृत्यू अन्वेषण होते. केंद्राच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यात कोणाला दोषी ठरवायचे नसते. घरच्यांनी दवाखान्यात न्यायचे ठरवायला किती वेळ गेला, वाहन कधी मिळाले, पोचल्यावर उपचार कधी सुरू झाले, असे तीन टप्प्यांतले विलंब तपासले जातात. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या आढाव्यात नातेवाइकांचेही ऐकून घेतले जाते. केरळात २००४ पासून स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना नावे गाळून असे मृत्यू तपासते. अर्थात नियम आहे म्हणून वृत्ती येतेच असे नाही. अशा बैठकीत गावपातळीवरच्या आरोग्यसेविकेला (एएनएमला) एकदा सर्वांदेखत झापले, की पुढच्या वेळी नोंदवहीत वेळा ‘नीट’ लिहून येतात आणि खरा विलंब कोणालाच दिसत नाही. शिक्षेची भीती चूक लपवायला शिकवते.

आगीची चर्चा याच रीतीने करायची तर प्रश्न बदलावे लागतात. धूर दिसला तेव्हा कक्षात किती कर्मचारी होते, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हलवायला किती हात लागतात, याचा सराव कधी झाला होता, ऑडिटचा अहवाल कोणत्या टेबलावर थांबला? अहवालात माणसांची नावे न लिहिता पदे लिहावीत. बैठक चालवणारा त्या साखळीबाहेरचा हवा. ज्याने फाइल अडवली त्याच्याच समोर परिचारिका खरे कसे बोलेल?

मग गेलेल्यांच्या घरच्यांना न्याय कुठे, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. मुद्दाम केलेले कृत्य, नशेत केलेले काम, खोट्या नोंदी यांना या चर्चेत आसरा नाही. त्यासाठी पोलीस आहेत, न्यायालय आहे. विमान अपघातांत कारणांचा आणि गुन्ह्याचा असे दोन तपास वेगळेच ठेवतात. आंतरराष्ट्रीय करारानुसार अपघाताच्या तपासाचा हेतू दोष वाटणे नसून पुढचा अपघात टाळणे हा असतो. आणि फौजदारी बाजूनेही, जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये काही विपरीत घडले की खापर फोडायला कोणीतरी माणूस शोधण्याच्या प्रवृत्तीबद्दल सावध केले; डॉक्टरवर गुन्हा लावायचा तर निष्काळजीपणा ठळक हवा, असे म्हटले. दुसरा आक्षेप ‘मग कोणी जबाबदारच राहत नाही’ हा. मला तो उलटा वाटतो. खालच्या चौघींना धरले, की वरच्यांना उत्तरच द्यावे लागत नाही. चर्चेतून निघालेल्या प्रत्येक कामापुढे लेखाशीर्ष, मंजुरी देणाऱ्याचे पद आणि तारीख लिहिली, तर उत्तर द्यावे लागते. हे तीन रकाने रिकामे असतील तर इतिवृत्तावर सही करू नये, बैठक पुन्हा बोलवावी.