तारण कोणाचे, आत्म्याचे की माणसाचे?

श्रद्धेने तारण की सत्कर्माने, हा ख्रिस्ती धर्मातला जुना वाद आपले बहुतेक कार्यकर्ते पाद्र्यांचे आपसातले भांडण म्हणून बाजूला सारतात. मीही सारीत असे. १५२५ सालच्या जर्मन शेतकऱ्यांच्या मागण्या वाचल्या आणि मला या वादाकडे परत वळावे लागले.

ख्रिस्ताने क्रुसावर मरून माणसाच्या पापाचे प्रायश्चित्त केले, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. ते तारण माणसाच्या पदरात पडते कसे, एवढाच प्रश्न. रोमन चर्च म्हणे, देवाची कृपा आधी. पण माणसाने सत्कर्मांनी तिला साथ दिली पाहिजे. व्यवहारात याचा बाजार झाला. पापाची उरलेली शिक्षा माफ करणारी पत्रे विकली जात. तो पैसा रोममधील सेंट पीटरच्या बांधकामाला आणि माइन्झच्या आर्चबिशपाचे कर्ज फेडायला जाई. १५१७ साली मार्टिन लूथर याविरुद्ध उभा राहिला. पौलाच्या आधाराने तो सांगू लागला : माणूस केवळ श्रद्धेने नीतिमान ठरतो, सत्कर्मे हे तिचे फळ, तारणाची किंमत नव्हे. पुरोहिताची दलालीच त्याने निकालात काढली. हे त्याचे मोठेपण मी नाकारत नाही.

परंतु खालच्या माणसाने हा सिद्धांत ऐकला तेव्हा काय झाले? मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन येथे शेतकऱ्यांची बारा कलमे तयार झाली. ती लिहिण्यात सेबास्टियन लोत्झर हा केसाळ कातड्यांचे कपडे शिवणारा कारागीर होता. तिसरे कलम भूदासपणाविरुद्ध आहे. त्याचा युक्तिवाद साधा : ख्रिस्ताने रक्त देऊन मेंढपाळालाही सोडवले आणि सरदारालाही, मग आम्ही कोणाची मालमत्ता कसे?

लूथरने आधी सरदारांनाही खडसावले होते, हे सांगितले पाहिजे. पण या कलमावर त्याचे उत्तर असे की, ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, देहाचे नव्हे. अब्राहामाजवळही दास होतेच. बंड पेटल्यावर मे महिन्यात त्याने बंडखोरांना ठार मारा असे लिहिले. त्याच पत्रकात, रक्त सांडून राजाला स्वर्ग मिळवता येईल असे दिवस आले आहेत, अशा अर्थाचेही लिहिले. गरिबाच्या दानधर्माने तारण मिळत नाही म्हणणाऱ्याला राजाची तलवार मात्र पुण्यकर्म वाटली! त्या युद्धात सत्तर हजार ते एक लाख माणसे मारली गेली, असा अंदाज केला जातो.

विद्वानांचा वाद पुढे चालूच राहिला. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 'केवळ श्रद्धा' हे मत धिक्कारले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे रोमन चर्च आणि लूथरपंथीयांनी या विषयावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आउग्सबुर्गपासून मेमिंगेन फारसे दूर नाही. त्या मुलखातला उरलासुरला भूदासपणा १८०८ साली बव्हेरियाच्या राज्यघटनेने रद्द केला.