यंत्राची रोजनिशी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा, याचे काही मित्रांना नवल वाटेल. परंतु यंदा ग्रंथालयात मदतनीस म्हणून बसत असताना जे पाहिले, ते इतिहासाच्या तासाला शिकलेल्या गोष्टींशी इतके जुळले, की सांगितल्यावाचून राहवत नाही.

ग्रंथालयाची पुस्तकसूची ज्या सर्व्हरवर आहे, तो अधूनमधून सकाळी बंद आढळे आणि देवघेव तासभर खोळंबे. सकाळी खोली उघडून झाडणारे आपले शिपाईकाका. झाडू लागून वायर निघत असणार, असे सर्वांनी ठरवून टाकले. त्यांत मीही होतो. काका एवढेच म्हणत, "पोरांनो, मी त्या वायरीला हात लावत नाही."

विंडोज सर्व्हर आपली रोजनिशी स्वतःच लिहीत असतो. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडले की ती वाचता येते. प्रत्येक नोंदीला वेळ, उगम आणि क्रमांक असतो. प्रथम पाहणारा गोंधळून जातो. आमच्याकडे १००१६ क्रमांकाच्या नोंदींचा तर नुसता पाऊस होता. पण ती नोंद दुर्लक्षिली तरी चालते, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले आहे. तेव्हा जी नोंद फार वेळा येते ती फार गंभीर, असे समजू नये. क्रमांकाची चाळणी लावून कामाच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात.

आमच्या कामाच्या नोंदी दोन होत्या, ४१ आणि ६००८. दोन्ही सांगतात की यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले. का पडले, ते त्या सांगत नाहीत. दोन्हींवर वेळ होती सकाळी आठची, म्हणजे नेमकी काकांच्या झाडलोटीनंतरची! संशय पक्का झाला.

परंतु ६००८ ची नोंद उघडून आतला मजकूर वाचला, तेव्हा चूक उमगली. वरची वेळ नोंद लिहिल्याची, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू झाल्याची असते. बंद पडल्याची वेळ आत दिलेली असते. ती होती पहाटे पावणेतीनच्या सुमाराची. त्या वेळी खोलीला कुलूप असते.

मग सर्व तारखा वहीत उतरवल्या. प्रत्येक दोन घटनांत बरोबर १४ दिवसांचे अंतर निघाले. जी नोंद नव्हती तीही उपयोगी पडली. कोणी हाताने रीतसर बंद केले असते तर १०७४ ची नोंद असती. विंडोजच कोसळले असते तर बहुधा १००१ ची. दोन्ही नव्हत्या. म्हणजे वीजच तुटत होती. आमचा यूपीएस दर १४ दिवसांनी आपली बॅटरी आपणच तपासतो. बॅटरी जुनी होऊन निकामी झाली होती. तपासणीत भार तिच्यावर येताच सर्व्हर बंद पडे. बॅटरी बदलली आणि त्या नोंदी थांबल्या.

या रोजनिशीला जागा ठरावीक असते. ती भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून कोणी वैतागून ती साफ करू नये, उलट वेळीच उतरवून ठेवावी. कागद केव्हा लिहिला आणि घटना केव्हा घडली, हे वेगळे पाहावे, असे आमचे सर बखरींविषयी नेहमी सांगतात. ते ध्यानात ठेवले असते, तर एका निरपराध माणसाला चार महिने बोल ऐकावे लागले नसते. काकांची मी माफी मागितली आहे. येथे पुन्हा मागतो.